मदत हवी आहे: पॅकरचं टेम्प्लेट 'व्हॅलिड' म्हणतंय, पण उबुंटूची इमेज काही तयार होत नाही

मंडळी, दोन दिवस स्वतःचं डोकं खाऊन झालं, आता तुमचं खातो.

उबुंटू सर्व्हर २२.०४ ची एक इमेज हवी आहे, आमच्या सेटिंग्जसकट, जिच्यावरून पुढे लागतील तितक्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) काढता येतील. ऑफिसात पॅकरचं (अशा इमेज आपोआप तयार करणारं टूल) एक जुनं टेम्प्लेट होतं. १८.०४ च्या काळातलं, जेसनमध्ये लिहिलेलं, प्रीसीडवर (जुन्या इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) चालणारं. लिहिणारे साहेब केव्हाच नोकरी सोडून गेले आणि अख्ख्या फाइलमध्ये एक कॉमेंट नाही. (जेसनमध्ये कॉमेंट चालत नाही हे मान्य, पण शेजारी एक रीडमी ठेवायला काय जात होतं?) पॅकरच्याच अपग्रेड कमांडने ते एचसीएलमध्ये (पॅकरची नवी टेम्प्लेट-भाषा) आणलं, तेवढं विनातक्रार झालं.

प्रीसीड मात्र निकालात निघालं. २०.०४ पासून सर्व्हरच्या आयएसओत जुना इन्स्टॉलर मागे पडला आणि सबिक्विटी हाच मुख्य इन्स्टॉलर झाला, त्याला आपोआप चालवायला ऑटोइन्स्टॉलची यॅमल (उत्तरांची फाइल) लागते. ती लिहिली. यूजर-डेटा नावाने एका फोल्डरमध्ये ठेवली, बिल्ड चालू असताना पॅकर तो फोल्डर एचटीटीपीवर उघडा करतो. बिल्डर, म्हणजे व्हीएम चालवणारा, क्यूएमू. बूट कमांडमध्ये (पॅकर व्हीएममध्ये आपोआप टाइप करतो ते) ग्रबच्या, म्हणजे बूटलोडरच्या, मेन्यूवर 'सी' दाबून प्रॉम्प्टवर जातो आणि तिथे ही ओळ टाइप होते (उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय):

लिनक्स /कॅस्पर/व्हीएमलिनूझ ऑटोइन्स्टॉल डीएस=नोक्लाउड-नेट;एस=एचटीटीपी://आयपी:पोर्ट/

त्याखाली इनिटआरडीची ओळ, मग बूट.

व्हॅलिडेट (टेम्प्लेट तपासणारी कमांड) हिरवं. व्हीएम सुरू होते. व्हीएनसीत (व्हीएमची स्क्रीन दाखवणारी खिडकी) अक्षरं एकेक करून उमटताना दिसतात, कर्नल चढतो आणि मग इन्स्टॉलर शांतपणे विचारतो, भाषा कोणती? इकडे पॅकर 'वेटिंग फॉर एसएसएच' (नेटवर्कवरून लॉगिन करता येण्याची वाट) म्हणत टाइमआउटपर्यंत बसून राहतो.

करून पाहिलेलं: बूट वेट (टाइप करण्याआधी थांबायचा वेळ) ५ सेकंदांवरून १० केला. पोर्ट एकच पक्का करून फायरवॉलमध्ये उघडला. यॅमलची इंडेंटेशन तीनदा तपासली. पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह (#) लावून क्लाउड-कॉन्फिग आहे. काय राहिलं?

प्रतिसाद १

मेटा-डेटा नावाची फाइल आहे का त्या फोल्डरमध्ये? रिकामी चालते, पण लागतेच.

धागाकर्ता

आहे. शून्य बाइटची.

प्रतिसाद २

अंदाजाने बदल करत बसू नका, आत जाऊन बघा. हेडलेस (स्क्रीन न दाखवता चालणं) बंद ठेवा. ऑन-एरर ला 'आस्क' द्या, नाहीतर बिल्ड पडलं की पॅकर व्हीएम पुसून टाकतो आणि बघायला काही उरत नाही. भाषेच्या स्क्रीनवर हेल्प मेन्यूतून शेल उघडा आणि प्रॉक खालची सीएमडीलाइन फाइल कॅट करा. तुम्ही काय टाइप करवलं ते बाजूला ठेवा, कर्नलपर्यंत काय पोचलं ते इथे टाका.

जाता जाता: पॅकरच्या जेसनमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर अंडरस्कोरने सुरू होणारी की कॉमेंट म्हणून चालायची. तुमच्या साहेबांना ती सबबही नाही.

धागाकर्ता

पाहिलं. ओळ 'डीएस=नोक्लाउड-नेट' इथेच संपते. पुढचा पत्ता गायब! टाइप होताना तर पूर्ण दिसला होता, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय.

प्रतिसाद ३

सापडला चोर. तो अर्धविराम.

ग्रबच्या प्रॉम्प्टवर अर्धविराम म्हणजे एक कमांड संपली, दुसरी सुरू. लिनक्सची ओळ नोक्लाउड-नेटपाशी तुटली. उरलेलं 'एस=एचटीटीपी...' ग्रबला व्हेरिएबलला किंमत दिल्यासारखं वाटलं, त्याने एस नावाच्या व्हेरिएबलमध्ये पत्ता भरून ठेवला आणि पुढे गेला. म्हणून एरर नाही. क्लाउड-इनिटला (बूट होताना सेटिंग्ज लावणारा प्रोग्राम) नोक्लाउड हा सेटिंग्जचा स्रोत वापर एवढंच कळलं, कुठून घे ते कळलं नाही, आणि यॅमल न मिळाल्यामुळे इन्स्टॉलर माणसाला विचारायला लागला.

'डीएस' पासून शेवटच्या स्लॅशपर्यंतचा सगळा भाग सिंगल कोटमध्ये घाला. अर्धविरामाआधी बॅकस्लॅश दिला तरी चालतं, पण एचसीएलच्या स्ट्रिंगमध्ये तो दोनदा लिहावा लागतो, एकच लिहिलात तर व्हॅलिडेटच अडवेल. मला कोट बरे वाटतात, सहा महिन्यांनी वाचताना बॅकस्लॅश मोजत बसावं लागत नाही.

आणि व्हॅलिडेटच्या हिरव्यावर फार जाऊ नका. ते एचसीएल तपासतं. बूट कमांड त्याच्या लेखी नुसती स्ट्रिंग आहे, ती ग्रबला कळेल का याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

धागाकर्ता

अहो, दोन कोटांसाठी दोन दिवस! धन्यवाद. इन्स्टॉल आपोआप सुरू झालं, पण पोटभर आनंद व्हायच्या आत नवं संकट. इन्स्टॉल अर्ध्यावर असतानाच पॅकर ऑथेंटिकेशन एरर देऊन बिल्ड पाडतो. पासवर्ड बरोबर आहे. यॅमलमध्ये त्याचा हॅश (सांकेतिक रूप) आणि पॅकरच्या टेम्प्लेटमध्ये साधा, असाच लागतो ना?

प्रतिसाद ३

तसाच लागतो. पण पॅकर भलत्याच दारावर थाप मारतोय. आयएसओवरून चढलेल्या इन्स्टॉलरचा स्वतःचा एसएसएच सर्व्हर चालू असतो. पॅकरला २२ नंबरचा पोर्ट उघडा दिसला की तो तुमचा यूजर घेऊन आत शिरायला जातो. तो यूजर इन्स्टॉल होऊ घातलेल्या सिस्टिमचा, या इन्स्टॉलरला ठाऊकच नाही. हँडशेकचे (जोडणी जुळवण्याचे) प्रयत्न डिफॉल्टने १० असतात, ते संपले की खेळ खलास. एसएसएच हँडशेक अटेम्प्ट्स ही सेटिंग १०० वर न्या, टाइमआउट अर्धा तास ठेवा. काही जण यॅमलच्या अर्ली-कमांड्समध्ये इन्स्टॉलरचा एसएसएच थांबवतात, तेही चालतं.

यॅमलमध्ये एसएसएच सर्व्हर इन्स्टॉल करायला सांगितलंय ना? आणि पासवर्डने लॉगिनची परवानगी? नाहीतर रीबूटनंतर पुन्हा इथेच याल.

प्रतिसाद ४

इमेज झाली म्हणून लगेच क्लोन काढू नका. शेवटच्या शेल प्रोव्हिजनरमध्ये (इन्स्टॉलनंतर पॅकर व्हीएममध्ये चालवतो त्या कमांड) इटीसीतली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. पुसू नका, शून्य बाइटची करा, पहिल्या बूटला नवी आयडी तयार होते. उबुंटू सर्व्हरचं नेटवर्क डीएचसीपीला (आयपी वाटणारी सेवा) आपली ओळख याच आयडीवरून काढून देतं. ती सगळ्या क्लोनमध्ये सारखी राहिली की मॅक (नेटवर्क कार्डचे पत्ते) वेगळे असूनही सगळ्यांना एकच आयपी मिळतो. मी यावर एक रविवार घालवलाय, स्विचला शिव्या देत. सोबत क्लाउड-इनिट क्लीन चालवा आणि एसएसएचच्या होस्ट कीज (मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्या) उडवा, पहिल्या बूटला क्लाउड-इनिट नव्या बनवतं.

धागाकर्ता

झालं! हँडशेक वाढवल्यावर पहिल्याच फेरीत बिल्ड पूर्ण. मशीन-आयडी रिकामी करून दोन क्लोन काढले, दोघांचे आयपी वेगळे, होस्ट कीज वेगळ्या. एसएसएच सर्व्हरची ओळ यॅमलमध्ये होती, पासवर्ड लॉगिनची नव्हती. प्रतिसाद ३ वाल्यांनी विचारलं नसतं तर आज पुन्हा इथेच रडत आलो असतो.

बूट कमांडमधल्या त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट टाकली आहे: 'कोट काढू नयेत. ग्रबला अर्धविराम वेगळा कळतो.'