१९९१ नंतरचे पब्लिक एनिमी
अमेरिकेतला हिप-हॉप गट पब्लिक एनिमी १९९१ नंतर ऐकण्यासारखा उरला नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. त्यांचा २००७ चा अल्बम ‘हाऊ यू सेल सोल टू अ सोललेस पीपल हू सोल्ड देअर सोल’ एकदा मन लावून ऐका. पहिल्या अल्बमनंतर वीस वर्षांनी तो आला, आणि आला तेव्हा त्याची फारशी दखलच घेतली गेली नाही. त्यातलंच ‘हार्डर दॅन यू थिंक’ २०१२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ ने पॅरालिम्पिकसाठी वापरलं आणि ते तिथल्या चार्टवर चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणं तेच होतं, लोकांच्या कानावर पडलं पाच वर्षांनी!

गायिका शर्ली बॅसीच्या १९७२ मधल्या गाण्यातून उचललेले ते ब्रासचे (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे) सूर सुरू होतात आणि त्यावर गटाचा मुख्य रॅपर, सत्तेचाळिशीतला चक डी येतो. विशीतली घाई आवाजात नाही, वजन मात्र वाढलंय. मधेमधे गटातला दुसरा रॅपर फ्लेवर फ्लेव त्याला साथ देतो, तेही ऐकण्यासारखं. अल्बम जरा लांबलाय, हे मान्य. तरी या गाण्यापासून सुरुवात करा, मग बाकीचा लावा.