गिग, मैफल की सुपारी?

कंपोझिटर

भाच्याचा बँड आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "हळदीचे वेगळे घेतात का?" त्यांच्या डोळ्यांपुढे लाल कोट, पितळी कर्णे आणि वरातीपुढे चालणारी माणसं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मराठीत बँड आला तोच वरातीतून, आणि पुढे 'गणितात बँड वाजला' इथपर्यंत मुरला.

भाच्याकडे कर्णे नाहीत. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. गाणारीच एक गिटार वाजवते. आठ गाण्यांचा अल्बम निघतोय, त्यातली तीन मराठी. बेलापूरला एका कॅफेच्या तळघरात वाजवणार आहेत, त्यांच्या भाषेत 'गिग'. मी नौपाड्यात तीस वर्षं प्रूफं तपासली म्हणून पोस्टरची ओळ माझ्याकडे आली: 'इंडी रॉक अल्बम लाँच गिग'. पाच शब्द आणि पाचही उसने. मी इमानेइतबारे लिहून दिलं, 'स्वतंत्र रॉक गीतसंग्रहाच्या प्रकाशनानिमित्त मैफल'.

भाच्यानं वाचलं आणि म्हणाला, "मावशी, हे वाचून लोक शाल-श्रीफळ घेऊन येतील."

तर 'इंडी' आणि 'गिग' यांना तुमच्याकडे काय म्हणतात? बनवलेले शब्द नकोत, ते मलाही येतात. कुणाच्या तरी तोंडात असलेले हवेत.

घोडबंदरी

'रॉक'ला हात लावू नका. एकानं माझ्यासमोर 'खडक संगीत' म्हटलं होतं. त्यातला रॉक दगड नाहीच, तो हेलकावा आहे. 'रॉक अँड रोल' हे मुळात जहाजाच्या डुलण्याचं वर्णन.

अनुस्वार

'अल्बम' ठेवा, पण 'गीतसंग्रह' काढून टाका, कारण गीतसंग्रह छापील असतो. अल्बमची गंमत वेगळीच आहे. लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा. रोममध्ये सरकारी सूचना लिहायचा पांढरा फळा म्हणजे 'आल्बुम'. पुढे कोऱ्या पानांची वही आणि मग फोटोंची वही. गाण्यांशी त्याचा संबंध तबकड्यांमुळे आला. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. मोठी रचना पाच-सहा तबकड्यांवर जायची आणि त्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या बांधलेल्या पाकिटांत विकायच्या. 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, सगळं एकाच तबकडीत मावलं, वही गेली पण वहीचं नाव राहिलं. आता तर तबकडीही गेली.

ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत हे शब्द देखणे आहेत, पण वस्तूला चिकटलेले आहेत. वस्तू गेली तसे तेही गेले. अल्बम वाचला, कारण तो वस्तूपासून आधीच सुटला होता.

आणि 'प्रकाशन' कशाला? आपल्याकडे अल्बम 'काढतात'. कॅसेट काढली, दिवाळी अंक काढला, दुकान काढलं, कर्जही काढलं. माझी मुलगी म्हणते, "त्यांनी नवीन अल्बम टाकला." वाळत टाकल्यासारखं वाटतं, पण मराठी आहे.

सीवूड्सकर

'इंडी'चा घोळ आधी निस्तरा. माझ्या वडिलांना इंडी म्हटलं की सोलापूरपलीकडचं, विजापूरकडचं इंडी आठवतं, लिंबांसाठी प्रसिद्ध. 2023 पासून बातम्यांत 'इंडी आघाडी' आली, तेव्हापासून पोस्टरवर नुसतं 'इंडी' लिहिलं तर कोणीतरी झेंडा शोधणार.

त्यात भर इंडीपॉपची. नव्वदच्या दशकातल्या त्या 'इंडी'चा अर्थ इंडियन. 'मेड इन इंडिया' हा अल्बम 1995 चा. ती गाणी कंपन्या काढायच्या, मोठे व्हिडिओ, मोठा खर्च. इंडी रॉकमधला 'इंडी' इंडिपेंडंटचा, म्हणजे मोठ्या कंपनीच्या दाराबाहेरचा. ब्रिटनमध्ये तर अशा छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या खपाची यादी 1980 पासून वेगळी लागायची. नंतर शब्दाचा अर्थ घसरला आणि ते एका ढंगाच्या आवाजाचं नाव झालं. आता कंपनीनं काढलेलं गाणंही आवाजावरून 'इंडी' ठरतं. म्हणजे दोन शब्दांचं स्पेलिंग जवळपास एक आणि अर्थ अगदी उलटे.

घोडबंदरी

इंडिपेंडंटला मराठीत एकच अस्सल शब्द: अपक्ष. अपक्ष रॉक. अनामत रक्कम जप्त.

आयरॉकवाला

तिसरा अर्थही नोंदवा. 1986 मध्ये मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं, तो इंडिपेंडन्स पंधरा ऑगस्टचा. आम्ही ठाण्याहून धोबीतलावच्या रंगभवनात जायचो. वर छप्पर नाही, ऑगस्टचा पाऊस, आणि शेवटची लोकल चुकू नये म्हणून शेवटचं गाणं दारात उभं राहून ऐकायचं. तेव्हा 'गिग' कोणी म्हणत नव्हतं. 'शो आहे' म्हणायचो, घरी 'प्रोग्रामला जातोय' सांगायचो. 'प्रोग्राम' म्हटलं की आईला सुगम संगीत वाटायचं आणि परवानगी मिळायची. शब्द निवडताना हाही विचार करावा लागतो.

अनुस्वार

अपक्ष हसण्यावारी नेऊ नका, पण तो निवडणुकीत अडकलाय. 'समांतर', 'प्रायोगिक' हे सिनेमा-नाटकाचे, आणि ते आशयाबद्दल बोलतात. 'हौशी' म्हटलं तर मुलं चिडतील, तिकीट लावतात ती. इंडी हा मुळात पैशाचा शब्द आहे: खर्च कोणी केला? त्याला मराठीत आयता शब्द आहे, पदरमोड. पैसे पदराच्या गाठीत असायचे, ती गाठ सोडून खर्च करायचा. पदरमोड करून मासिकं निघाली, नाटकं झाली. अल्बमही निघतो.

कंपोझिटर

पदरमोड! भाच्याला सांगितलं. "कूल आहे, पण पदर म्हणजे साडीचाच ना?" मी गप्प बसले. पण शब्द त्यानं लिहून घेतला.

सीवूड्सकर

दिल्लीच्या ज्या बँडची गाणी माझी मुलगी दिवसभर लावते त्याचं नाव 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'. 'बिस्मिल्लाह' 2019 चा, 'बीटा' 2024 चा. बिनकंपनीचे म्हणावेत तर नावातच कंपनी. शिवाय त्यांच्यात ट्रंपेट आहे. सासूबाईंना ऐकवा, त्यांना बँडच वाटेल.

ट्रान्सहार्बर

मूळ प्रश्न 'गिग'चा. मैफल का खटकते ते सांगतो. आपले गाणं ऐकायचे शब्द बघा. जलसा: अरबीत बसणं, मजलिस त्याच धातूतून. बैठक: उघडच आहे. मैफल: अर्थ जमणं, पण डोळ्यांपुढे लोड-तक्केच येतात. आपण गाणं बसून ऐकणारे लोक आहोत, त्यामुळे शब्दही बसलेले आहेत.

मागे वाशीत अशाच एका छोट्या शोला गेलो होतो. सत्तर-ऐंशी माणसं, सगळी उभी, हातात पाकिटं आणि मोबाइल. खुर्ची एकही नाही. सतरंजी मात्र होती, पट्ट्यापट्ट्यांची, अगदी लग्नाच्या हॉलमधली. ती ड्रमखाली. पायानं वाजवायचा मोठा ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो, फरशीवर तर फारच. म्हणून सतरंजी, आणि तिच्या कडेला चिकटपट्टी. मैफलीतली सतरंजी राहिली, बसणारे गेले.

अनुस्वार

जलशाची बाजू मांडू द्या. धातू बसण्याचा असेल, पण सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे आठवा. राजा नाही, सावकार नाही, गावोगाव स्वतः जाऊन स्वतःचं म्हणणं गाण्यातून मांडायचं. इंडीच्या याहून जवळ काय जाणार?

ट्रान्सहार्बर

जवळ जाईल, पण त्या शब्दावर त्या लोकांचा हक्क आहे. प्रेमभंगाच्या आठ गाण्यांना 'जलसा' म्हणायला मला संकोच वाटेल.

बेंजोवाला

घणसोलीचा आहे. वीस वर्षं बेंजो वाजवतो. आपला बेंजो, बटणांचा, जपानी वाद्यावरून आलेला. गोऱ्यांचा तो गोल वेगळा. तुम्ही एवढे शब्द शोधताय, आमच्यात रोजचा शब्द आहे: सुपारी.

"रविवारी काय करतोस?" "दिवाळे गावात हळदीची सुपारी आहे." "या सीझनला किती सुपाऱ्या?" "सुपारी कोणी घेतली?" म्हणजे ठरवलं कोणी, पैसे कोणाच्या हातात. तमाशावाल्यांतही हेच. आधी खरंच विडा-सुपारी देऊन शब्द पक्का करायचे, आता मोबाइलवर ॲडव्हान्स येतो, नाव तेच. लग्न ठरतं तेव्हा सुपारी फुटते, आमची त्यानंतर येते. आम्ही उभ्यानं वाजवतो, लोक उभ्यानं ऐकतात, नाचतात. तुमच्या भाच्याचा प्रकार याहून वेगळा काय? आमची हळद तुमच्या सगळ्या शोपेक्षा जोरात वाजते, फक्त तिकीट नसतं आणि जेवण असतं.

आयरॉकवाला

हा खरा शब्द. इंग्रजीतला गिगही वाजवणाऱ्यांचाच, शंभरेक वर्षांपूर्वीच्या जॅझवाल्यांचा. एका रात्रीचं काम, एका रात्रीचे पैसे. त्यावरूनच 'गिग कामगार' झाला आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. डिलिव्हरीचा मुलगाही एकेक सुपारीच वाजवतो.

घोडबंदरी

पोस्टरवर 'बेलापूरला शनिवारी सुपारी' लिहा. पहिल्या रांगेत पोलीस.

बेंजोवाला

म्हणूनच तो आपसातला शब्द. घरच्यांना आम्हीपण 'प्रोग्राम' सांगतो.

सीवूड्सकर

बरोबर आहे. एक वाजवणाऱ्याचा, एक ऐकणाऱ्याचा. आकारानंही शब्द बदलतो. नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2025 च्या जानेवारीत 18, 19 आणि 21 तारखेला कोल्डप्ले आले. त्याला गिग म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. ती 'कॉन्सर्ट'. आमच्याकडे कॉन्सर्ट म्हणजे स्वतःच्याच घरी पोचायला तासभर. शंभराच्या आत माणसं असली की गिग, मधलं सगळं शो.

आणि लिंगाचं काय? माझी मुलगी 'गिग होता' म्हणते, तिची मैत्रीण 'मस्त झाली गिग'.

अनुस्वार

उसना शब्द बहुधा घरातल्या जुन्या शब्दाचं लिंग घेतो. डोक्यात 'कार्यक्रम' असेल तर 'झाला', 'मैफल' असेल तर 'झाली'. मैत्रीण गाणं शिकली असणार.

सीवूड्सकर

शिकते. ठाण्याला जाते, दर गुरुवारी.

ट्रान्सहार्बर

अजून एक, 'वन्स मोअर'. त्या वाशीच्या शोला कोणाचे तरी आजोबा आले होते. तिसरं गाणं संपल्यावर त्यांनी खणखणीत आवाजात 'वन्स मोअर' दिला, गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतून द्यावा तसा. मुलं हसली, त्यांना वाटलं शेवटी म्हणतात तो एन्कोर, हे लवकरच म्हणाले. पण दोन्ही एक नाहीत. एन्कोरला सगळं संपवून आत जायचं, परत यायचं, दुसरंच गाणं म्हणायचं. आपला वन्स मोअर म्हणजे तेच पद, आत्ता, इथेच. शब्द इंग्रजी, पण वापर संगीत नाटकातला. गिटारवाला पोरगा गोंधळला, कारण पुढच्या गाण्यासाठी त्यानं जाड तार सैल करून खालच्या सुरात उतरवून ठेवली होती. मग परत चढवली, कान लावून, एकेक पीळ. मिनिटभर सगळे थांबले. आणि वाजवलं हो परत.

कंपोझिटर

पोस्टर झालं. तीन शब्दांवर मतदान घेतलं, बँडमध्ये एकमत होईना. शेवटी 'गिग'च्या जागी काहीच लिहिलं नाही. ओळ अशी आहे: 'पदरमोड करून काढलेला रॉक अल्बम. शनिवारी संध्याकाळी 7 वाजता, बेलापूर. बसायची सोय नाही.'

शेवटचं वाक्य ट्रान्सहार्बर यांच्यामुळे. दहाला आवाज बंद करायचा म्हणून सात. बेंजोवाले, भाचा विचारतोय की तुम्ही एका गाण्यात वाजवाल का. सुपारी किती ते त्यालाच सांगा, मी मध्ये पडत नाही.

सासूबाई येणार आहेत. त्यांच्यापुरती एक खुर्ची सांगून ठेवली आहे.