ठाणे/ऐरोली: जुन्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक फॉल्ट दाखवतोय, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवा

घोडबंदरचा_हमाल

मंडळी, सल्ला हवाय. २०१२ ची डिझेल सेदान आहे, मॅन्युअल गिअर, १ लाख १८ हजार किमी झालेत, तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा तिकडेच घसरेल. तर हिला हँडब्रेकचा दांडा नाही, गिअरच्या मागे बटण आहे, ओढलं की ब्रेक लागतो, ब्रेक पेडल दाबून बटण खाली दाबलं की सुटतो.

पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी लाईट आणि 'पार्किंग ब्रेक फॉल्ट' असा मेसेज. आधी बटण ओढलं की मागून दोन्ही चाकांकडून घुंऽऽ असा आवाज यायचा, आता डावीकडूनच येतो, उजवीकडून कधी येतो कधी नाही. गंमत म्हणजे दोन दिवस कडक ऊन पडलं की आपोआप सगळं सुरळीत, परत पाऊस की परत लाईट. राहतो कासारवडवलीला, पार्किंग तिसऱ्या पोडियमवर (इमारतीच्या पार्किंगच्या मजल्यावर), रॅम्प असा उभा आहे की वरचं गेट उघडेपर्यंत क्लच आणि देव दोघांच्या भरवशावर थांबायचं.

सर्व्हिस सेंटरने गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं उजवं कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) मोटरसकट बदला, सोबत कंट्रोल मॉड्यूल (हा ब्रेक चालवणारा छोटा कॉम्प्युटर), ७४ हजार अधिक लेबर. गाडीलाच आता कोणी अडीच लाख देणार नाही! खरंच एवढं बदलावं लागतं का? आणि ठाणे, ऐरोली, घणसोली पट्ट्यात वायरिंग समजणारा कोणी माणूस असेल तर सांगा.

तुर्भे_नाका

बॅटरी किती जुनी? माझ्याकडे सेम लाईट यायची, बॅटरी बदलली, गेली. हा ब्रेक मोटर ओढते, व्होल्टेज पडलं की ही सिस्टिम सगळ्यात आधी रडते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट करायच्या आधी बॅटरीला मीटर लाव, १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ दिसलं तर ती अर्धी रिकामी आहे. गाडी चालू केल्यावर १४ च्या आसपास यायला हवं.

दांडाच_बरा

म्हणून म्हणतो दांडा असलेली गाडी घ्या. ओढला की करकर आवाज येतो, माणसाला झोप लागते. (हलके घ्या.)

घोडबंदरचा_हमाल

@तुर्भे_नाका बॅटरी मागच्या दिवाळीत नवीन टाकलीय. आत्ता खाली जाऊन बघून आलो, १२.५.
@दांडाच_बरा तुमच्या तोंडात साखर, पण आधी ही विकली जायला हवी ना.

पाना_नंबर_बारा

धागा आज पाहिला. रबाळे एमआयडीसीत गाड्यांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

या ब्रेकचे मुख्य दोन प्रकार. एकात एकच मोटर असते आणि ती जुन्या पद्धतीच्या केबल ओढते. दुसऱ्यात मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी मोटर बसवलेली असते, ती गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो आणि पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, दाबून धरतात. तुम्हाला आवाज दोन्ही चाकांकडून यायचा म्हणजे तुमची दुसऱ्या प्रकारची.

आता डोकं लावा. डावी बाजू बरोबर चालतेय आणि ती मॉड्यूलच चालवतंय. मॉड्यूल पूर्ण मेलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या आणि स्कॅनरला (गाडीला जोडून फॉल्ट वाचायचं यंत्र) त्याने उत्तरही दिलं नसतं. मोटर जळली असती तर ऊन पडल्यावर जिवंत कशी होईल? पावसात बिघडतं, उन्हात सुधारतं, एकाच चाकाला होतं, म्हणजे नव्वद टक्के पाणी शिरलेलं कनेक्टर नाहीतर तुटत आलेली वायर. मोटरच्या सीलमधून आत पाणी जाऊन ती अडकते असंही होतं, पण ती सहसा एकदा गेली की गेलीच.

आधी गाडीने नोंदवलेले फॉल्टचे कोड नीट वाचून घ्या. ब्लूटूथवाला चारपाचशेचा स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड दाखवतो. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात, त्यासाठी एबीएस आणि पार्किंग ब्रेकचं मॉड्यूल उघडणारा स्कॅनर लागतो. कोडचं वर्णन इथे टाका, पुढचं मग सांगतो.

आणि तोवर त्या रॅम्पवर गाडी सोडून उतरू नका. पार्किंगला पहिला गिअर टाकून ठेवा, चाकामागे लाकडाचा ठोकळा.

पोडियम_पीडित

तुमचा ब्रेक नुसता लागत नाहीये, माझा तर सुटत नव्हता! मानपाड्याला सोसायटीत दुसऱ्या पोडियमवर मागची दोन्ही चाकं जाम. टोइंगवाला फ्लॅटबेड घेऊन आला तर पोडियमची उंची कमी, तो खालीच थांबला. मग तिथल्या एका पोराने मागच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घातल्या आणि चौघांनी ढकलत, दोघांनी पुढे ब्रेक-ब्रेक ओरडत गाडी रॅम्पवरून खाली आणली. सेक्रेटरी वरून फोटो काढत होते.

शेवटी निघालं काय, तर ब्रेक पेडलचा स्विच. पेडल दाबलंय हे गाडीला कळतच नव्हतं, मग ती ब्रेक कशाला सोडेल. एक कॅलिपर उघडून झाल्यावर हे कोणाच्या तरी लक्षात आलं. ज्यांचा सुटत नाही त्यांनी आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाईट पेटतेय का बघा, फुकटात होतं. आणि सीट बेल्ट लावा, बऱ्याच गाड्या बेल्टशिवाय आपोआप ब्रेक सोडत नाहीत.

पाना_नंबर_बारा

+१, स्विचचं बरोबर. अजून एक, मोटरच अडकून ब्रेक सुटत नसेल तर बऱ्याच कॅलिपरवर मोटरचे दोन स्क्रू काढून ती बाजूला करता येते आणि आतला स्क्रू टॉर्क्स बिटने (चांदणीच्या आकाराच्या टोकाने) हाताने मागे फिरवता येतो. चाक काढावं लागतं, सपाट जागा हवी, पुढची चाकं अडवलेली हवीत. रॅम्पवर हा प्रयोग अजिबात नको, ब्रेक सुटल्यावर गाडी तुमची वाट बघत थांबत नाही.

घोडबंदरचा_हमाल

कोपरीत एका ओळखीच्या गॅरेजमध्ये मोठा स्कॅनर मिळाला, ४०० रुपये घेतले. दोन कोड. एक 'उजवी पार्किंग ब्रेक मोटर, सर्किट ओपन, इंटरमिटंट', दुसरा जुना कमी व्होल्टेजचा. दुसरा पुसल्यावर परत आला नाही, पहिला आला. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर इंटरमिटंट शब्दच नव्हता हो.

पाना_नंबर_बारा

तो शब्द तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. इंटरमिटंट ओपन म्हणजे वायर मध्येच सुटतेय, जोडली जातेय. दुसरा कोड बहुतेक जुन्या बॅटरीच्या काळातला, तो विसरा.

आता हे करा. ब्रेक सुटलेला ठेवून उजवं मागचं चाक काढा, गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. मोटरचं कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिनांना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. मीटर नको, बल्बच. कुजलेल्या वायरमध्ये तांब्याची एक तार जरी शिल्लक असली तरी मीटर खुशाल १२ दाखवतो कारण तो करंट ओढतच नाही, बल्ब मात्र खरं बोलतो. कोणाला तरी बटण ओढायला सांगा, सप्लाय येतो तो जेमतेम सेकंदभर, नजर बल्बवर ठेवा. झगझगीत पेटला तर वायरिंग ठीक, मोटर बघा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर वायर हलवत हलवत वर जा. मॉड्यूल मोटरऐवजी बल्ब बघून नवीन कोड टाकेल, नंतर पुसायचा, घाबरू नका.

आणि ती वायर चाकाबरोबर वर खाली हलते, म्हणून मोडते ती सहसा क्लिपजवळ, जिथे वाकते तिथे. इन्सुलेशन वरून छान दिसतं, आत तार तुटलेली असते.

विटाव्याची_पोर

ऐरोलीत सेक्टरच्या मार्केटमागे एक काका आहेत, दुकानावर बोर्डसुद्धा नाही, माझ्या गाडीचं उंदराने कुरतडलेलं वायरिंग त्यांनीच केलं. गोड बोलत नाहीत पण पार्ट बदलायच्या आधी तपासतात. नंबर इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी सकाळी जा, दुपारी जेवायला गेले की परत कधी येतील सांगता येत नाही.

घोडबंदरचा_हमाल

अपडेट, जरा लांबड लावतोय.

रविवारी साडेआठला काकांकडे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद ठेवा खिशात, चाक काढू आधी." बल्ब लावला, मी आत बसून बटण ओढलं, काका म्हणाले पुन्हा, पुन्हा, मग म्हणाले या बाहेर आणि बघा. बल्ब पेटत होता पण देवघरातल्या निरांजनासारखा. डावीकडे लावला तर डोळे दिपले.

कनेक्टरच्या पिनांवर मोरचुदासारखी हिरवी बुकणी. मला वाटलं सापडलं, साफ करू आणि घरी जाऊ. काका मान हलवत वायर हाताने चाचपत वर गेले आणि वीतभर वर एका जागी थांबले, म्हणाले इथे बोट लावा. वायर तिथे मऊ लागत होती, आत काहीच नसल्यासारखी. कापली तर तांबं काळं पडलेलं, बोटात धरलं की भुगा. कारण पण सापडलं, वायर ब्रॅकेटला धरून ठेवणारी क्लिपच नव्हती. मागच्या मालकाने कधीतरी पॅड बदलून घेतले असणार, तेव्हा कोणीतरी क्लिप लावायचा आळस केला, वायर लोंबत राहिली, घासून इन्सुलेशन फाटलं आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं पाणी आत ओढत गेली. एका प्लास्टिकच्या क्लिपपायी ७४ हजारांचं कोटेशन!

काकांनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवीन तुकडा जोडून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, जोड वाकणाऱ्या जागी येणार नाही असा वर घेतला. कनेक्टर मात्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून सोमवारी अर्धी सुट्टी टाकून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो, चौथ्या दुकानात तशाच गाडीचं वायरसकट कापलेलं मिळालं, साडेतीनशे. संध्याकाळी बसवलं, कोड पुसला, बटण दहा वेळा वर खाली केलं. दोन्हीकडून घुंऽऽ. एकूण २,७५० रुपये, त्यात चहा काकांचा.

गुरुवारी रात्री धो धो पाऊस होता, मुद्दाम रॅम्पवर थांबून बटण ओढलं. गाडी हलली नाही. मागे एकाने हॉर्न वाजवला तेवढंच.

@पाना_नंबर_बारा दादा, बल्बची युक्ती लाखाची.

तुर्भे_नाका

मी बॅटरी बॅटरी करत होतो, माघार. धागा वाचनखुणेत टाकलाय. एक प्रश्न, माझे मागचे पॅड संपत आलेत, कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो सी क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) पिस्टन दाबून बसवतो. चालेल?

पाना_नंबर_बारा

अजिबात नाही, त्याला थांबवा. या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागे तो स्क्रू उभा असतो, तो मोटरने मागे घेतल्याशिवाय वरून दाबलं तर कॅलिपरची वाट लागते. आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडला टाकायचं, मोटर स्क्रू मागे घेते, मग पिस्टन दाबायचा. काही गाड्यांत स्कॅनरशिवाय बटण आणि पेडलच्या ठराविक क्रमानेही होतं, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. पॅड बसले की मोडमधून बाहेर काढायचं विसरू नका. आणि काम संपल्यावर वायरची क्लिप लागलीय का ते स्वतः वाकून बघा.

तुर्भे_नाका

स्कॅनर कोपरीवाल्याकडे मिळेल ना? @हमाल, नंबर व्यनि कर की.

घोडबंदरचा_हमाल

केलाय. शनिवारी बंद असतो तो.