पिकअपचा खरा एव्हरेज किती? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए २०३: नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. बी ४०२ वाल्या भाऊंनी नवी पिकअप घेतली, मी पण घ्यायच्या विचारात आहे, हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस. सोलरच्या साइट्स बुटीबोरी, हिंगणा, कधी पार उमरेडपर्यंत असतात आणि स्ट्रक्चरचे पाइप, इन्व्हर्टर सगळं भाड्याच्या छोटा हत्तीत टाकून आपण मागून कारनं जायचं, हे आता परवडून नाही राहिलं. भाऊ, खरं खरं सांगा, एव्हरेज किती? शोरूमवाल्याचा आकडा नका सांगू.

बी ४०२: कोणत्या रस्त्याचा सांगू

ए २०३: सगळेच सांगा न

बी ४०२: तर ऐका मग. गावात, म्हंजे मनीषनगर ते बर्डी ते इतवारी असं फिरलं की ९ च्या आसपास, मे महिन्यात एसी फुल असला की ८ बी पाहिले मी. काटोलले बागेत जातो तवा ८०-८५ नं निवांत गेलं की १२, साडेबारा. आणि समृद्धीवर १२० धरून गेलं की परत साडेनऊ. लोकांले वाटते हायवे लागला की एव्हरेज वाढते, या गाडीले तसं नाही बाप्पा.

सी १०१ काका: बस? एवढाच? आमच्या जावयाकडे टेक्सासात ऑस्टिनला फोर्ड एफ-१५० आहे, भाऊंच्या गाडीपेक्षा केवढी तरी मोठी, ३.५ लिटर व्ही-६ टर्बो पेट्रोल इंजिन, आणि ती १९ देते. अमेरिकन लोक उगाच नाही १९७७ पासून दरवर्षी ट्रकमध्ये हीच एफ सिरीज सगळ्यात जास्त घेऊन राहिले.

बी ४०२: पेट्रोलवर १९??? काका, आपल्या वॅगनआरले नाही भेटत बर्डीत

सी १०१ काका: नव्या गाडीच्या काचेवर एव्हरेजचं स्टिकर असते, त्यावर छापलेलं आहे. जावयानं फोटो पाठवला होता, शोधून टाकतो.

डी ३०४ मॅडम: काका, ते १९ माइल आहेत, आणि गॅलनला आहेत. लिटरला किलोमीटर नाहीत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, माइल १.६०९ किलोमीटरचा. म्हणजे तिकडच्या आकड्याला ०.४२५ नं गुणायचं. १९ चे झाले ८.१.

ए २०३: 😂😂

बी ४०२: काकाऽऽऽ

सी १०१ काका: बरं मग ८.१ धरा. पण गाडी केवढी ते पण पाहा. पावणेसहा मीटरच्या वर लांब, दोन मीटर रुंद, आरशे वेगळे. एवढी गाडी पेट्रोलवर ८ देते म्हणजे चांगलंच म्हणायला पाहिजे.

डी ३०४ मॅडम: ते मात्र खरं आहे.

सेक्रेटरी: लांबीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बी ४०२ यांची गाडी ५ मीटर ३० सेंटिमीटर आहे आणि आपला पार्किंगचा गाळा ५ मीटरचा आहे. मागचा हुक रोज कोणाच्या तरी नडगीला लागून राहिला. सगळ्यांना विनंती की यावर मीटिंगमध्ये बोलावं, इथं नको. तसेच उद्या टाकी सफाई असल्यामुळे पाणी सकाळी ८ पर्यंतच.

बी ४०२: हुकाले टेनिस बॉल लावतो सेक्रेटरी साहेब, आजच

बी १०२: काका, जावयांना विचारा न की टाकी टू टाकी किती पडतो. स्टिकरचा १९ वेगळा आणि टेक्सासच्या रोडवरचा वेगळा. तिथं ७५ माइलचं लिमिट तर कॉमन आहे आणि ऑस्टिनच्या खाली जो १३० नंबरचा टोल रोड आहे तिथं ८५ चं आहे, म्हणजे १३७ किलोमीटर ताशी, पूर्ण अमेरिकेत सगळ्यात जास्त. एवढ्या वेगात कपाटासारखं तोंड असलेली गाडी पळवली तर स्टिकर गेलं तेल लावत. आपल्याकडं पण तसंच, पुण्याला एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, टेस्ट करते ती रोलरवर आणि त्या ठरलेल्या टेस्टमध्ये वेग ९० च्या वर जातच नाही, एसी बंद, सिग्नल नाही, खड्डा नाही, मागं इन्व्हर्टर तर नाहीच नाही. अमेरिकेचं थोडं बरं आहे, २००८ च्या मॉडेलपासून त्यांनी जोरात पळवणं, गरमीत एसी लावून आणि थंडीत अशा जास्तीच्या टेस्ट धरल्या म्हणून त्यांचं स्टिकर आपल्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असते, तरी पण ते ८५ साठी नाहीच.

सी १०१ काका: विचारतो. तिकडं आता सकाळ झाली असेल.

ए २०३: भाऊ, पण समृद्धीवर १२० ला साडेनऊ आणि काटोल रोडवर साडेबारा, एवढा फरक? मला वाटलं सिग्नल नाही, ब्रेक नाही, एकाच गियरला चालली तर उलट वाढायला पाहिजे

डी ३०४ मॅडम: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ९० वरून १२० ला गेलात तर वेग वाढला एक तृतीयांश, पण हवेचा विरोध १६ भागिले ९, म्हणजे पावणेदोनपट. छोट्या बुटक्या कारला ते एवढं जाणवत नाही, भाऊंच्या गाडीचं तोंड मोठं आणि उभं, त्यात खालून पण उंच, खाली सगळा सांगाडा उघडा, म्हणून तिला जास्त भोगावं लागतं.

बी ४०२: मॅडम एकदम बराबर. मी एकदा मुद्दाम समृद्धीवर ९५ च्या क्रूझवर लावून सोडून देल्ली, मागून ट्रॅव्हल्सवाले लाइट मारून राहिले होते पण नाही हललो, तर १२ च्या वर भेटला. मंग तवापासून घाई नसली तर शंभरच्या खालीच. पण खरं सांगतो, पोरगं सोबत असलं की ९५ राहत नाही, त्याले बाजूनं कोणी गेलं की राग येते.

बी १०२: भाऊ, आणि टायर बदलले न तुम्ही? ते जाडे ऑल टेरेन

बी ४०२: हो. शेतात चिखलात अडकून राहिली होती काळ्या मातीत

बी १०२: साइज?

बी ४०२: २६५/६५ आर १८. पयले ६० होतं

बी १०२: मग तुमचा एव्हरेजच चुकून राहिला. ६० च्या ठिकाणी ६५ टाकलं म्हणजे टायरची जाडी वाढून चाक साधारण साडेतीन टक्क्यानं मोठं झालं. गाडीला ते माहीत नाही, ती जुन्याच चाकाच्या हिशोबानं फेरे मोजते. मीटरमध्ये १०० आले तेव्हा तुम्ही खरे १०३ च्या वर गेलेले असता. म्हणजे हिशोबात ११ आला तर खरा साडेअकराच्या जवळ धरा. अर्थात असे टायर जड असतात आणि घसघस करत पळतात, त्यात काही जातो, ते वेगळं.

बी ४०२: म्हंजे स्पीड पण जास्त?? समृद्धीवर चलान 😳

बी १०२: स्पीडोमीटर कंपनीवाले आधीच थोडा वाढवूनच दाखवतात, त्यामुळं लगेच घाबरायचं काम नाही. पण आता काट्यावर बरोब्बर १२० नका धरत जाऊ.

ए २०३: स्क्रीनवर जो दाखवते तो किती खरा धरायचा

बी १०२: स्क्रीन सगळ्याच गाड्यांची थोडी गोड बोलते दादा. इंजेक्टर किती वेळ उघडा होता त्यावरून ती डिझेलचा अंदाज लावते, मोजत नाही. मोजायचं असंल तर एकच पद्धत. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्यांदा टक् झालं की थांबायचं, वरून अजून थोडं अजून थोडं करत गळ्यापर्यंत भरायचं नाही. मग ट्रिप झिरो करायची. परत भरायला जाल तेव्हा टाकी अर्ध्याच्या खाली आलेली पाहिजे, कारण दहा लिटरच्या हिशोबात नोझल एखादा लिटर इकडंतिकडं कटला की पूर्ण उत्तर बदलते, चाळीस-पन्नास लिटरमध्ये तेवढाच फरक जिरून जाते. हायलक्सची टाकी ८० लिटरची आहे, त्यामुळं तिच्यात हिशोब छान निघतो. एका टाकीवर भरोसा नका ठेवू, चार-पाच टाक्यांची बेरीज करून किलोमीटर भागिले लिटर करा. चार एव्हरेजचा परत एव्हरेज काढू नका.

डी ३०४ मॅडम: शाब्बास. हे शेवटचं वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं आणि कोणीही ऐकलं नाही.

डी १०५: मंडळी कोणाकडे लिफ्टवाल्याचा नंबर आहे का सी विंगची परत दुसऱ्या मजल्यावर अडकली आहे

सेक्रेटरी: पर्सनलवर पाठवला.

सी १०१ काका: जावयाचा निरोप आला. टाकी टू टाकी १७ पडतो म्हणाला. माइलचा, मॅडम. त्या टोल रोडवर साडेपंधरा. आणि बोट मागं बांधून तलावावर गेला की साडेनऊ.

डी ३०४ मॅडम: ७.२, ६.६ आणि ४.

बी ४०२: चाऽऽर. म्हंजे ट्रॅक्टरच की

सी १०१ काका: पण त्याला ते काही वाटत नाही. टाकी पण ३६ गॅलनवाली आहे, १३६ लिटर. एकदा भरली की आठवडा पाहायचं नाही म्हणे. आणि तो मागचा फाळका उघडा ठेवून चालवतो हायवेवर, हवा निघून जावी आणि पेट्रोल वाचावं म्हणून. भाऊ, तुम्ही पण करून पाहा.

बी १०२: काका, नका करू. सगळ्यांना तसंच वाटते पण उलट होते. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा बनून बसते आणि वरची हवा त्या भोवऱ्यावरून घसरत निघून जाते. उघडला की तो भोवरा मोडते आणि मागं जास्त ओढ लागते. विंड टनेलमध्ये पाहिलेलं आहे लोकांनी. वाचवायचंच असंल तर वरून सपाट कव्हर टाका, थोडासा फायदा आहे, आणि बागेतली संत्री पण रस्त्यावर नाही पडणार.

बी ४०२: संत्री पडत नाही, पोरं काढून घेते सिग्नलवर

ए २०३: काका, तिकडं हायब्रिड पण आहे न एफ-१५०?

सी १०१ काका: आहे. २०२१ ला आली तेव्हा फोर बाय फोरला स्टिकरवर २४ होते. मुलीनं तीच घ्या म्हटलं होतं पण जावई म्हणे जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील.

डी ३०४ मॅडम: २४ म्हणजे १०.२. जावयांनी हिशोब नीट केला नसावा. ८ वरून १० झाले तर "दोनच वाढले" वाटतं. पण १०० किलोमीटरला किती लागतं ते पाहा, साडेबाराचे १० लिटर झाले, अडीच लिटर वाचले. तेच छोट्या गाडीला १८ चे २० झाले तर वाचतो जेमतेम अर्धा लिटर. जड गाडीत एकेका किलोमीटरची किंमत जास्त असते, म्हणून अमेरिकन स्टिकरवर १०० माइलला किती गॅलन तेही छापतात, फक्त तो आकडा बारीक अक्षरात असतो आणि कोणी वाचत नाही.

सी १०१ काका: त्याच्याकडं पेट्रोल स्वस्त आहे मॅडम, तीन डॉलरच्या आसपास गॅलन. आपल्या पैशात लिटर सत्तरच्या आतबाहेर. मग कोण कशाला वाचवते.

डी ३०४ मॅडम: काढू मग. ७० भागिले ८ म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ रुपये. भाऊंची, डिझेल ९१ धरलं आणि एव्हरेज ११, तर सव्वाआठ. एवढा मोठा पेट्रोल ट्रक आणि एवढी छोटी डिझेल गाडी, किलोमीटरचा खर्च जवळपास सारखा.

बी ४०२: म्हंजे मी नागपुरात एफ-१५० चा खर्च करून राहिलो 😭

ए ५०१: इथेनॉलमुळं पण एव्हरेज पडला आहे सगळ्यांचा, माझी जुनी कार

सेक्रेटरी: इथेनॉलवर चर्चा नको. मागच्या वेळी दोन जण ग्रुप सोडून गेले.

बी १०२: सेक्रेटरी साहेब, राजकारण नाही, फक्त एवढंच की दादा डिझेल घेऊन राहिले तर ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, त्यांना संबंध नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ताकद कमी असते म्हणून पेट्रोलगाड्यांचा थोडा पडतो. डिझेलवाल्यांची कटकट दुसरीच आहे. बीएस-६ ला डीपीएफ असते, धुराची काजळी अडवणारा फिल्टर. दादा, तुम्ही रोज फक्त मनीषनगर ते छत्रपती चौक केलं न तर तो गरमच होत नाही, काजळी साठत जाते, मग गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून ती जाळते. त्या वेळी स्क्रीनवर एव्हरेज धाडकन खाली आला तर गाडी खराब झाली समजू नका. बुटीबोरीची एक फेरी झाली की साफ. आणि वर्धा रोडला डबलडेकर पुलावरून जात जा, खालून चौकाचौकाचे सिग्नल खात दोन टनाची गाडी पुन्हा पुन्हा उचलायची म्हणजे तिथंच सगळं डिझेल जाते.

ए २०३: माझा महिन्याचा रनिंग हजारच्या आसपास. आताची डिझेल कार १५ देते. मॅडम, सांगा न किती जास्तीचे जातील

डी ३०४ मॅडम: १५ नं ६७ लिटर. पिकअप ११ नं ९१ लिटर. फरक २४ लिटर, २२०० रुपये. माल भरून आणि गावातच फिरलात, ९ पडला, तर १११ लिटर, फरक ४००० रुपये. या दोनाच्या मधे कुठं तरी.

ए २०३: छोटा हत्तीवाला एका फेरीचे बुटीबोरीला जे घेते न मॅडम, दोन-तीन फेऱ्यांत हे निघून जाते. मग एव्हरेजचं टेन्शन घ्यायचंच नाही. भाऊ, रविवारी काटोलला जाल तर मला घ्या सोबत, जाताना ८५ आणि येताना माल भरून, दोन्ही पाहतो. आणि हे २२०० चं गणित घरी दाखवतो आज, हो म्हणेल ती.

ए २०३ वहिनी: मी ग्रुपमध्येच आहे. केव्हाची वाचून राहिली. ईएमआय किती ते कोणी काढलं नाही अजून.

डी ३०४ मॅडम: कर्ज किती, व्याज किती टक्के आणि किती वर्षं? टाका इथं, काढून देते.

ए २०३: मॅडम, ते पर्सनलवर पाठवतो