जाहिरातीचा मेल उघडल्याचे विक्रेत्याला कसे कळते?

मृण्मयी_बोरिवली:

बीकेसीत भरलेल्या घरांच्या एका प्रदर्शनात मी एका विकासकाच्या दालनात नाव, फोन क्रमांक आणि ई-मेल पत्ता लिहून दिला होता. कांदिवलीतल्या त्यांच्या प्रकल्पाचे दरपत्रक मिळावे, एवढाच हेतू होता. दरपत्रक आले, पुढेही मेल येत राहिले आणि ते मी बहुतेक वेळा न उघडताच काढून टाकत असे. मागच्या आठवड्यात रात्री उशिरा त्यातला एक मेल मी उघडला आणि त्यातला दोन बेडरूमच्या घराचा नकाशा पाहिला. उत्तर दिले नाही, कुठल्याही लिंकवर क्लिकही केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या विक्री विभागातून फोन आला आणि पलीकडचा मुलगा अगदी आदबीने म्हणाला, "मॅडम, काल रात्री आपण टू बीएचकेचा प्लॅन पाहिलात, साइट व्हिजिट कधी ठेवू?"

मी मेल उघडला हे त्याला कुणी सांगितले? जीमेल अशी माहिती विकते का? मेल उघडण्याखेरीज आणखी काय काय त्यांच्याकडे जाते, आपल्या कायद्यात हे बसते का, आणि बँकेचे व सोसायटीचे मेल नीट दिसत राहतील अशा बेताने हे थांबवता येईल का? यजमानांचे म्हणणे असे की जाहिरातीचाच तर मेल आहे, त्यात लपवण्यासारखे काय. मला लपवायचे काहीच नाही, पण रात्री घरात बसून मी काय वाचते याची नोंद कुणी ठेवावी, हे मला मान्य नाही.

निनाद_लोअरपरळ:

मी एका मार्केटिंग एजन्सीत हेच काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. जीमेलने कुणाला काही कळवलेले नाही. विकासकाच्या मेलमध्ये, बहुधा तळाशी, एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, रुंद आणि तेवढेच उंच असे पारदर्शक चित्र असते; त्यालाच आम्ही पिक्सेल म्हणतो. ते मेलबरोबर येत नाही. मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते, आणि प्रत्येक ग्राहकाच्या मेलमध्ये त्या चित्राचा पत्ता वेगळा असतो. तुमच्यासाठी राखलेल्या पत्त्यावरून रात्री चित्र मागवले गेले, की तुम्ही रात्री मेल उघडलात अशी नोंद होते. ती नोंद सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत जाते, तिथे तुमच्या नावापुढचे गुण वाढतात, आणि गुणांनी ठरावीक मर्यादा ओलांडली की तुम्ही 'हॉट लीड', म्हणजे खरेदीची शक्यता जास्त असलेले ग्राहक, होऊन सकाळी विक्रीच्या मुलाच्या यादीत वर चढता. नकाशा पाहिल्याचे त्याला वेगळे कळलेले नाही; त्या मेलमध्ये नकाशाच होता, त्यावरून त्याने ठोकून दिले. आमच्या धंद्यात अशा मुलांना मेलचा उल्लेख न करता सहज फोन केल्यासारखे बोलायला शिकवतात. हा मुलगा नवखा असावा, नाहीतर तुम्हाला कधी कळलेच नसते.

चित्र थेट तुमच्या फोनने मागवले तर आयपी पत्ता (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीचा क्रमांक), त्यावरून शहराचा अंदाज आणि उपकरणाचा प्रकार एवढे पाठवणाऱ्याला मिळते. जीमेल मात्र डिसेंबर २०१३ पासून चित्रे गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवते, त्यामुळे तुमचा आयपी पत्ता गेला नसावा, वेळ तेवढी गेली. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीबरोबर आणलेली सोय याच्याही पुढे जाते. ती चालू असेल तर ॲपलच्या मेल ॲपमध्ये आलेल्या मेलमधील चित्रे, तुम्ही मेल उघडा वा न उघडा, ॲपलच्या मधल्या सर्व्हरमार्फत आधीच मागवून ठेवली जातात. परिणामी आमच्या अहवालात आयफोनवाले सगळेच मेल मन लावून वाचताना दिसतात, आणि ज्यांनी मेलकडे ढुंकूनही पाहिलेले नाही अशांनाही विक्रीचे फोन जातात. ओपन रेटवर, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला यावर, बोनस ठरवणारे साहेब हे ऐकून घेत नाहीत, तो भाग निराळा.

लिंकवर क्लिक केले नाहीत हे बरेच झाले. मेलमधील लिंक सहसा थेट संकेतस्थळावर जात नाही. आधी मोजणी करणाऱ्या सर्व्हरवर जाते, तिथे तुमच्या नावे नोंद होते आणि मग तुम्हाला पुढे ढकलले जाते. ही नोंद पिक्सेलपेक्षा कितीतरी पक्की असते, आणि चित्रे बंद ठेवूनही ती टळत नाही.

आमच्या बाजूनेही एक सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर नियम घातले आहेत. गूगलच्या लेखी दिवसाला ५००० किंवा अधिक मेल पाठवणारा मोठा ठरतो, आणि त्याला एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते व स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. तक्रारी कमी ठेवण्यासाठी, जे लोक मेल कधीच उघडत नाहीत त्यांना यादीतून काढायचे तर कोण उघडते हे कळावे लागते. एकूण किती जणांनी मेल उघडला एवढी संख्या मोजण्यात मला वावगे वाटत नाही. नावानिशी वेळ टिपून ती विक्रीच्या मुलाच्या हाती देणे हे मात्र मलाही पटत नाही, आणि दुर्दैवाने ग्राहक म्हणून येणाऱ्या कंपन्या पैसे त्याचेच मोजतात.

ठाकूरद्वार:

उपाय सोपा आहे. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' या भागात प्रतिमांचा पर्याय आहे. तिथे बाहेरील प्रतिमा दाखवण्यापूर्वी विचारावे, असे निवडा. फोनवरच्या ॲपमध्येही आपल्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये हाच पर्याय मिळतो. थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरील चित्रे मुळातच अडवलेली असतात. बँकेच्या स्टेटमेंटची किंवा सोसायटीच्या बिलाची पीडीएफ जोडपत्र म्हणून येते, तिला याचा काही त्रास होत नाही. फार तर बँकेचे बोधचिन्ह दिसणार नाही. विश्वासाच्या पाठवणाऱ्याची चित्रे हवी तेव्हा दाखवता येतात. मात्र माग ठेवणारे चित्र नेहमी अदृश्यच असते असे नाही, कंपनीच्या बोधचिन्हालाही ग्राहकागणिक वेगळा पत्ता देता येतो. म्हणून 'पिक्सेल शोधून काढा' छापाच्या उपायांपेक्षा सरसकट चित्रे बंद ठेवणे बरे.

पुढच्या प्रदर्शनात पत्ता देताना जीमेलच्या नावापुढे अधिक चिन्ह टाकून 'घर' वगैरे शब्द रोमन लिपीत जोडा. मेल तुमच्याच पेटीत येतो, आणि तोच पत्ता उद्या एखाद्या गृहकर्जवाल्याच्या मेलवर दिसला तर तो कुणाकडून पुढे गेला हे उघड होते. अर्थात ते चिन्ह काढून टाकणारेही काही असतात.

वकील_फोर्ट:

कायद्याचे उत्तर आजच्या घडीला अर्धवट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमती, सूचना व तक्रार निवारण यांविषयीच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. म्हणजे मे २०२७ पर्यंत या विकासकाविरुद्ध या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळापुढे उभे राहण्यासारखे फारसे काही हाती नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३अ संवेदनशील माहितीपुरते आहे, म्हणजे पासवर्ड, आर्थिक माहिती, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. मेल उघडण्याची वेळ त्यात बसवता येणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे नको असलेल्या प्रचाराविषयीचे २०१८ चे विनियम फोन आणि एसएमएसना लागू आहेत, ई-मेलला नाहीत. गोंधळात टाकणाऱ्या विक्रीतंत्रांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात १३ प्रकार नोंदवले. छुपा पिक्सेल त्यांत नावाने येत नाही.

नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर चित्र बदलेल, असे मला वाटते. त्यातील कलम ६ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, स्पष्ट होकारात्मक कृतीने दिलेली असली पाहिजे, आणि ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. विकासकाचा वकील बहुधा कलम ७ कडे वळेल, कारण विशिष्ट हेतूसाठी स्वतःहून दिलेली माहिती त्या हेतूपुरती वापरण्याची मुभा तिथे आहे. पण तुमचा हेतू दरपत्रक मिळवणे हा होता. रात्री मेल कधी उघडता याची नोंद दरपत्रक पाठवण्यासाठी लागत नाही, आणि माझ्या मते त्याचा बचाव तिथेच लंगडा पडतो.

युरोपात हा वाद बराच पुढे गेला आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक संवादातील खासगीपणाविषयीच्या २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर वापरकर्त्याच्या उपकरणावरील माहिती वाचण्यासाठी आधी संमती लागते, काही मोजके अपवाद वगळता. आणि मेलमधील माग ठेवणारे पिक्सेलही या कक्षेत येतात, असे युरोपीय माहिती संरक्षण मंडळाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

दादरकर_जुना:

व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा चालतात आणि मेलमध्ये पिक्सेल चालत नाही, हे मला कळत नाही. एवढा कायद्याचा कीस काढण्याऐवजी तो क्रमांक ब्लॉक केला असता तर काम झाले असते.

निनाद_लोअरपरळ:

निळी खूण दोघांनाही ठाऊक असते, आणि नको असेल तर बंद करता येते. पिक्सेलची सगळी मदार वाचणाऱ्याला तो न कळण्यावर आहे. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या संचालक मंडळातील बातम्या बाहेर कोण फोडतो हे शोधण्यासाठी नेमलेल्या माणसांनी एका पत्रकार महिलेला असाच माग ठेवणारा मेल पाठवला होता, आणि ते प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत गेले. फोन ब्लॉक केल्याने नोंद थांबत नाही, फक्त ती तुमच्या कानावर येत नाही.

मृण्मयी_बोरिवली:

चित्रे बंद केली. सोसायटीचे बिल नीट उघडते आहे. पण कायदा पूर्ण लागू होईपर्यंत विकासकाला काही लिहून विचारण्यात अर्थ आहे का?

वकील_फोर्ट:

आहे, कारण लेखी विचारणा झाली की अनेक कंपन्या मुकाट्याने नाव काढतात. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर न बोलता त्यांच्या संकेतस्थळावरील तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल करा. त्यात प्रदर्शनाचे ठिकाण आणि माहिती देण्याचा हेतू लिहा. मेल उघडल्याची नोंद कोणत्या संमतीवर ठेवली ते विचारा. ती नोंद कुठल्या दलालाला किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेला दिली का, याचे लेखी उत्तर मागा. आणि नाव, क्रमांक व पत्ता विक्रीच्या सर्व याद्यांतून काढल्याची पोच मागा. तुमच्या क्रमांकावर प्रचाराचे फोन नकोत अशी नोंदणी आधीच केलेली असेल तर त्या फोनची स्वतंत्र तक्रार १९०९ वर करता येते; मात्र दालनात भरलेल्या कागदावरची बारीक अक्षरे ते संमती म्हणून दाखवतील, म्हणून त्या कागदाची प्रतही याच मेलमध्ये मागून घ्या.