कंडरा नुसती दोरी नाही

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. "जोर सगळा स्नायूचा, कंडरा म्हणजे हाडाला बांधलेली दोरी" असं कुणी म्हणतं, ते मला अर्धंच पटतं. ओढतो स्नायूच, पण ही दोरी ताणली जाते आणि तो ताण परतही देते. करून बघा: गुडघे वाकवून २-३ सेकंद तसेच थांबा आणि मग उडी मारा. नंतर न थांबता, झटकन वाकून लगेच मारा. दुसरी उंच जाते. (सगळं श्रेय कंडरेचं नाही, झटकन वाकताना स्नायूही आधीच ताठलेले असतात.) धावताना तर पोटरीचा स्नायू बराच वेळ फक्त घट्ट धरून ठेवतो, लांब-आखूड होण्याचं काम मुख्यतः टाचेच्या वरची कंडरा करते. त्यात स्नायूची शक्ती वाचते.

एक मुद्दा राहिला, तो मी स्वतः भोगलाय. पळायला लागल्यावर २ महिन्यांत पोटऱ्या भरल्या, म्हणून मी बेधडक अंतर वाढवलं. पण कंडरेला रक्तपुरवठा कमी, ती स्नायूच्या वेगाने तयार होत नाही. मग ती दुखावली आणि रोज सकाळी पहिली काही पावलं लंगडत. ते जायला ८ महिने लागले.