अनुदानाचा टप्पा ६० टक्के, पगार अजून ४० टक्क्यांनीच. फरक मिळतो का?

खडूची धूळ:
नमस्कार मंडळी. खाजगी अंशतः अनुदानित (म्हणजे सरकार पगाराचे काही टक्केच देतं, तेही टप्प्याटप्प्याने वाढवत) माध्यमिक शाळेत सहशिक्षक आहे, रुजू २०११. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' २००९ मध्ये निघाला, पण आम्हाला प्रत्यक्ष पगार दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. पहिले २० टक्के खात्यात पडले तेव्हा घरी पेढे आणले होते. वीस टक्क्यांवर पेढे! बाहेरच्याला सांगून पटत नाही.

असो. ऑक्टोबर २०२४ च्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) वाढीव टप्पा आला, पण पैशांची तरतूदच नव्हती. जुलै २०२५ ला आझाद मैदानावर चिखलात बसलो, तेव्हा कुठे १ ऑगस्टपासून आणखी २० टक्के मंजूर झाले. म्हणजे आम्ही ४० वरून ६० वर. तरी ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर तिन्ही बिलं ४० नेच निघाली. मुख्याध्यापक म्हणतात, "जीआरमध्ये थकबाकी मिळणार नाही असं लिहिलंय, मागचं विसरा." माझं मूळ वेतन ४४,८००, म्हणजे नुसत्या मूळ वेतनातच महिन्याला ८,९६० चा फरक. महागाई भत्ता वेगळा. कसं विसरू?

दुसरं, बायकोची मैत्रीण मुंबईत अनुदानित प्राथमिक शाळेत आहे. तिला दिवाळीला ३१,००० मिळाले. अनुदान तिलाही, मलाही, मग मला का नाही, असं घरी विचारतात. काय सांगू?

जुना कारकून:
सर, 'थकबाकी नाही' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळतायत. १ ऑगस्टच्या आधीच्या काळाचा फरक मिळणार नाही, हे खरं. पण १ ऑगस्टनंतरचा टप्पा तुमचा हक्काचा आहे, तो फक्त कागद अडल्यामुळे उशिरा येतोय. त्याला पुरवणी देयक, म्हणजे राहिलेल्या फरकाचं वेगळं बिल लागतं. ते शाळाच शालार्थमध्ये (पगार बिलांची ऑनलाइन प्रणाली) तयार करून वेतन पथकाकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे पाठवते. मात्र आधी दोन गोष्टी बघा: वाढीव टप्प्याच्या आदेशाच्या यादीत शाळेचं नाव आहे का, आणि शालार्थमध्ये शाळेचा टक्का बदललाय का. पहिलं नसेल तर दुसरं होत नाही. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, त्यांच्याकडून शाळेच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि पोच घेऊन ठेवा. तोंडी विचारणा फायलीत बसत नाही.

मुंबईकर बाई:
ते ३१,००० राज्य सरकारचे नाहीत हो. मुंबई महापालिका आपल्या तिजोरीतून सानुग्रह अनुदान, म्हणजे दिवाळी बोनस देते, पालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर खाजगी अनुदानित प्राथमिक शाळांच्या शिक्षकांनाही. २०२४ ला २९,००० होते. तुमची शाळा माध्यमिक, शिवाय मुंबईबाहेरची दिसते. राज्याकडून असतो तो सण अग्रिम, म्हणजे उसनवारी, हप्त्यांनी परत कापून घेतात. त्याला बोनस म्हणू नका, घरचे चिडतील.

आकडेमोड:
फरक मार्चनंतर एकदम आला तर पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जाईल आणि कर वाढू शकतो. आयकरात त्यासाठी सवलत मिळते (जुन्या कायद्यात कलम ८९, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम १५७), पण विवरणपत्र भरण्याआधी तिचा फॉर्म (जुन्या कायद्यात १०ई) ऑनलाइन भरायचा. आमच्या दोन सहकाऱ्यांनी तो नंतर भरला, दोघांना नोटिसा आल्या.

खडूची धूळ:
सगळ्यांचे आभार. कारकून साहेब, तुमचं बरोबर निघालं. यादी आज मिळवली, तिच्यात शाळेचं नावच नाही. पटावरच्या काही मुलांचं आधार जुळत नाही म्हणून प्रस्ताव परत आलाय, आणि हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता आधार दुरुस्त करून प्रस्ताव पुन्हा पाठवला तर ६० टक्के १ ऑगस्टपासूनच धरतात, की नवीन आदेशाच्या तारखेपासून? असं कुणाच्या शाळेचं झालं असेल तर लिहा. सोमवारी शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.